सव्वीस इंच, दोन सूत

पहिलीचा मुलगा बावीस, चौथीची मुलगी अठ्ठावीस,
झोपेतून उठवून विचारा.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलावर,
एकवीस वर्षं मी गणवेश कापते
न पाहिलेल्या गावांतल्या न पाहिलेल्या पोरांचे.
प्रत्येक मापात दोन बोटं जास्तीची धरते,
वाढतं अंग आहे,
पुढच्या जूनपर्यंत पुरायला हवं.

माझं अंग वाढायचं थांबून तीस वर्षं झाली.
तरी नवी पेठेतला इरेश मला
अठरा इंची फ्रेमच दाखवतो, फडक्यानं पुसून पुसून.
"मावशी, सीट खाली करून देतो की ओ,
बसंल बरोबर."
बसंल.
परत आलेला माल दुसऱ्या शाळेच्या माथी मारताना
आमचे मालक हेच म्हणतात.

चढून बघते. दांडी आड येते.
पायाची बोटं जमिनीला विचारतात, आहेस का?
जमीन लांबून हो म्हणते.
चोवीस किलोची सायकल, वर मी, मागे डबा,
सात रस्त्याच्या सिग्नलला ही कलली
तर कुणी कुणाला धरायचं?

रात्री भिंतीला पाठ लावून उभी राहिले, अनवाणी.
श्रावंतीनं कारखान्याची जाड ऑर्डरवही
मांड्यांमध्ये आडवी धरायला लावली,
"अजून वर, अम्मा. सीटवर बसल्यासारखी."
वहीच्या कडेनं तिनं रेघ ओढली
माझ्याच पिवळ्या खडूनं,
टेप खाली सोडला.
सव्वीस इंच, वर दोन सूत.

सत्तेचाळीस वर्षांत हे माप
कुणी घेतलंच नव्हतं.
साडीला लागत नाही ते.

हे म्हणाले, थांब, पुढल्या साली बॅटऱ्या स्वस्त होतील.
मागल्या सालीही म्हणाले होते.
दीर म्हणाले, दसऱ्याला सूट.
श्रावंती म्हणाली, गड्ड्याच्या यात्रेपर्यंत नवं मॉडेल येईल,
मग जुन्याचा भाव उतरेल.
उतरेल की.
माझा उजवा गुडघाही उतरतोय,
त्याचा कुणी बोर्ड लावत नाही.

आणि मे महिन्यात तर नाहीच.
पत्र्याखाली कात्रीसुद्धा चटका देते तेव्हा,
बॅटरीचं काय घेऊन बसलात.
जूनमध्ये ओव्हरटाइम येतो
आणि दुसऱ्या दाराने फीला जातो.
म्हणून मीच काढला मुहूर्त, पंचांगाबाहेरचा:
जुलैचा शेवटचा मंगळवार.
दुकानात चिटपाखरू नाही,
इरेशला बोलायला वेळच वेळ.
"पंधरा इंची मागव. येईस्तोवर थांबते."
"लांबनं येते ओ ती, मावशी."
"येऊ दे."

एवढी वर्षं थांबले होते ते वेगळं.
हे अकरा दिवस मी मोजून थांबले.

आली. आधी तिची बॅटरी काढायला लावली.
"मोटार बंद करून कोण बघतंय ओ?"
मी बघते.
चार्जिंग संपेल त्या दिवशी
पुलाच्या चढावर तू असणार आहेस का?
गेले. रेटत, धापा टाकत, पदर खोचून,
अर्ध्यात एका टमटमवाल्यानं हॉर्न मारला,
थांबले,
आणि दोन्ही चवडे जमिनीवर होते.
मग बॅटरी लावली.
ते सांगत नाही. ते इरेश सांगतोच सगळ्यांना.

दिवाळीत रंग देताना श्रावंतीनं
भिंतीचा तेवढा पट्टा सोडला,
शेजारी घाईघाईनं स्वतःची रेघ ओढली.
एकोणतीस भरली.
माझा हात सवयीनं
दोन बोटं वर सरकला.
मागे घेतला.